रायफलची काडतुसं घरी भरताना ब्रास कुठलं घ्यायचं आणि नेक टेन्शन किती ठेवायचं

हे अमेरिकेत राहणाऱ्या आणि लाँग रेंज शूटिंगमध्ये पडलेल्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. नवीन माणूस रीलोडिंग (मारलेल्या पुंगळ्या परत भरणं) सुरू करतो तेव्हा सगळं लक्ष पावडर आणि बुलेटवर असतं, ब्रास म्हणजे काय तर रिकामी पुंगळी, जी मिळेल ती चालेल असं वाटतं, आणि मग ग्रुप (निशाणावरचे गोळ्यांचे पुंजके) वर-खाली पसरायला लागले की तो बुशिंग, म्हणजे पुंगळीचा नेक (बुलेट धरणारं तोंड) बाहेरून दाबणारी कडी, बदलत बसतो, दोन थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काढून तीन थाऊचं घाल वगैरे. माझं मत स्पष्ट आहे, नेक टेन्शनचा, म्हणजे नेक बुलेटला किती घट्ट धरतो त्याचा, आकडा नंतर बघा, आधी प्रत्येक पुंगळीचा नेक सारखा आहे का ते बघा. सगळे नेक सारखे असतील तर दोन थाऊ पण चालतं आणि तीन पण चालतं, आणि सारखे नसतील तर कुठलाच आकडा तुम्हाला वाचवणार नाही.

आधी कायद्याचं, कारण हे टाळून पुढे जाता येत नाही. सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायचा धंदा करायचा असेल तर लागतं. पण एच-१बी, एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून बंदूक आणि अम्युनिशन दोन्ही जवळ ठेवायला फेडरल कायद्याने मनाई आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळी, प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली), बुलेट, पावडर हे सुटं सामानसुद्धा अम्युनिशनच धरलं जातं. म्हणजे ‘मी फक्त ब्रास मागवलंय’ हे चालत नाही. राज्याचे नियम वेगळे असतात ते पण बघा. भारतात लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं हा आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून गावाकडे कोणी प्रयोग करू नये. आणि अजून एक, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हापासून घरच्यांना ५० मीटर रायफल माहिती झालीय, पण ती .२२ रिमफायर असते, तिचा प्रायमर पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो म्हणून ती परत भरता येत नाही. इथे जे आहे ते सेंटरफायरचं, म्हणजे तळाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसतो त्या काडतुसांचं आहे.

उदाहरण म्हणून ६.५ क्रीडमूर घेतो, बोल्ट अ‍ॅक्शन, फॅक्टरी बॅरल. हॉर्नाडीने २००७ मध्ये आणलेलं हे काडतूस आज नवख्याला सगळ्यात सोपं पडतं, ब्रास सगळीकडे मिळतं आणि डाटा भरपूर आहे. .३०८ वाल्यांनी किंवा दुसरं काही चालवणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यायचे, पद्धत तीच. पावडर किती घालायची ते मी इथे देणार नाही, ते हॉजडन, हॉर्नाडी, लायमन यांच्या छापील डाटामधूनच घ्या आणि खालच्या चार्जपासून (पावडरच्या वजनापासून) सुरुवात करा.

ब्रास निवडताना

काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, हे सगळ्यांचं सारखंच. फरक कशात पडतो तर भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, तळ किती कडक आहे, नेक बनवताना नीट अनील (तापवून मऊ) केलाय का आणि एका लॉटमधल्या शंभर पुंगळ्या एकमेकींसारख्या आहेत का यात.

फिनलंडचं लापुआ हे अजूनही माप आहे, बाकीच्यांची तुलना त्याच्याशी होते. महाग आहे, पण प्रायमर पॉकेट (प्रायमर बसतो ते खळगे) लवकर सैल होत नाहीत म्हणून जास्त वेळा भरता येतं, आणि एका फायरिंगमागे खर्च काढला तर स्वस्त ब्रासपेक्षा फार जास्त पडत नाही. अमेरिकेत बनणारं पीटरसन आणि अल्फा त्याच रांगेत बसतं. मिझुरीच्या सेडेलियामधलं स्टारलाइन हे माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात चांगलं, नवीन माणसाला मी तेच सांगतो. हॉर्नाडीचं ब्रास वाईट नाही, फॅक्टरी मॅच अम्युनिशन मारलं की आपोआप जमा होतं, पण जोरात लोड केलं तर पॉकेट लवकर जातात. स्वीडनचं नॉर्मा नेकला चांगलं असतं, पण तळाला जरा मऊ असं बऱ्याच लोकांचं म्हणणं आहे.

इथे एक अडकण्याची जागा आहे. लापुआच्या ६.५ क्रीडमूर ब्रासला स्मॉल रायफल प्रायमर लागतो आणि त्याचं फ्लॅश होल (प्रायमरची ठिणगी आत जाते ते भोक) १.५ मिलिमीटरचं असतं, नेहमीचं असतं २ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे नेहमीच्या डायमधली (पुंगळी परत मापात आणणाऱ्या साच्यातली), जुना प्रायमर ढकलून काढणारी जाड डिकॅपिंग पिन त्यात जात नाही, जोर लावला तर पिन वाकते नाहीतर तुटते, म्हणून बारीक पिन वेगळी घ्यावी लागते. हॉर्नाडीचं ब्रास लार्ज प्रायमरचं येतं, स्टारलाइन आणि पीटरसन दोन्ही प्रकारात बनवतात. ऑर्डर देताना हे दोनदा वाचा आणि जे घ्याल त्यावरच राहा, लार्ज आणि स्मॉल प्रायमरचं ब्रास एका डब्यात मिसळलं की नुसता गोंधळ होतो.

रेंजवर पडलेलं फुकट ब्रास उचलायचा मोह सगळ्यांना होतो. प्रॅक्टिससाठी .२२३ चं उचला हवं तर, पण लांबच्या शूटिंगसाठी नको, ते किती वेळा मारलंय, कोणाच्या चेंबरमध्ये (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) ताणलंय काहीच कळत नाही. मिलिटरी ब्रासचं अजून वेगळं. लेक सिटी या अमेरिकन लष्करी कारखान्याच्या पुंगळीवर एलसी आणि गोलात क्रॉस असा नेटोचा शिक्का असतो, तिचा प्रायमर क्रिम्प केलेला (कड दाबून पक्का केलेला) असतो, तो क्रिम्प रीमरने किंवा स्वेजरने काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. आणि ७.६२ नेटोचं ब्रास बहुतेक वेळा कमर्शियल .३०८ पेक्षा जाड असतं, बाहेरून माप तेच, आतली जागा कमी. तीच पावडर तेवढीच घातली तर प्रेशर वाढतं. म्हणून ब्रासचा ब्रँड बदलला, अगदी लॉट बदलला तरी, चार्ज खाली आणून परत वर चढत जायचं. हा नियम कोणी कितीही अनुभवी असला तरी त्याच्यासाठी आहे.

एकाच लॉटचे किमान शंभर, जमलं तर दोनशे नग एकदम घ्या. बॅरलचं आयुष्य संपेपर्यंत तेच फिरवायचे. प्रत्येक डब्यावर लॉट नंबर आणि किती वेळा फायर झालं ते लिहायचं, पेन डब्यालाच बांधून ठेवा.

नवीन ब्रास आल्यावर

नवीन पिशवीतल्या पुंगळ्यांचे नेक प्रवासात दबलेले असतात, तोंड बघितलं तर थोडं लांबट दिसतं. आधी सगळ्यांमधून मॅन्ड्रल (ठरलेल्या मापाची गोल पिन) फिरवा, तोंड गोल होतं. मग आतून चॅम्फर (कड थोडी तिरकी घासणं), बाहेरून हलकी डीबर (कडेचे बारीक टोचरे काढणं). चॅम्फर इतकाच की कड बुलेटला खरवडणार नाही, चाकूसारखी धार करू नका. लांबी मोजा, क्रीडमूरची जास्तीत जास्त लांबी १.९२० इंच, ट्रिम १.९१० ला. नवीन ब्रास बहुतेक आखूडच असतं, पण सगळ्या नेकची लांबी सारखी असली पाहिजे कारण बुलेट जितक्या लांबीवर पकडली जाते तितकी पकड, हे साधं आहे पण लोक विसरतात.

वजन करून सॉर्ट करायचं का? चांगल्या ब्रासला मी गरज मानत नाही. एखादी फारच हलकी किंवा जड निघाली तर बाजूला काढा, ती फाउलर (साफ केलेल्या बॅरलमधून आधी मारायची गोळी) म्हणून वापरा. आणि लोड फायनल करायची घाई नवीन ब्रासवर करू नका, पहिल्या फायरिंगनंतर पुंगळी तुमच्या चेंबरच्या आकाराची होते आणि वेग थोडा बदलू शकतो, म्हणून पहिली फेरी बॅरल बसवायला आणि सरावाला वापरा.

नेक टेन्शन म्हणजे नक्की काय मोजतो आपण

‘दोन थाऊ टेन्शन’ म्हणताना आपण टेन्शन मोजतच नसतो. आपण मोजतो ते नेकचं आतलं माप बुलेटपेक्षा किती लहान आहे ते. खरी पकड चार गोष्टींवर ठरते, मापातला हा फरक, पितळ किती कडक किंवा मऊ झालंय, भिंत किती जाड आहे आणि नेकच्या आत किती घर्षण आहे. यातली फक्त पहिली गोष्ट बुशिंगने बदलते. बाकीच्या तीन सांभाळल्या नाहीत तर बुशिंगवरचा आकडा कागदावरच राहतो.

आणि वरच्या बाजूला एक मर्यादा आहे. तीन थाऊच्या पुढे गेलात तर पितळ लवचिक राहत नाही, ते कायमचं ताणलं जातं, म्हणजे बुलेटच नेक मोठा करून आत जाते. चार-पाच थाऊ ठेवून पकड त्या मानाने वाढत नाही, उलट बुलेट तिरकी बसते, जॅकेट खरवडतं आणि सीटिंग स्टेमचा (बुलेट आत ढकलणाऱ्या दांड्याचा) गोल वळ बुलेटच्या नाकावर उमटतो. असा वळ दिसला की थांबा आणि नेक मोजा.

मोजणी

तुमच्या ब्रासमध्ये तुमचीच बुलेट बसवलेलं एक डमी बनवा, प्रायमर नाही, पावडर नाही. मायक्रोमीटरने नेकचं बाहेरचं माप घ्या, कॅलिपर चालेल पण मायक्रोमीटर बरा. ६.५ ची बुलेट .२६४ इंच, भिंत समजा .०१४५, दोन्ही बाजू मिळून .०२९, म्हणजे .२९३ यायला पाहिजे. दहा-बारा पुंगळ्यांवर हे करून बघा, अर्ध्या थाऊच्या आत असतील तर ब्रास चांगलं आहे. नेकचं आतलं माप कॅलिपरच्या वरच्या टोकांनी घ्यायला जाऊ नका, ती टोकं चपटी असतात आणि गोल छोट्या भोकात चुकीचं सांगतात, त्यासाठी पिन गेज घ्या, .२६१, .२६१५, .२६२ असे तीन-चार पुरतात.

चेंबरचा नेक पण बघायला हवा. फॅक्टरी रायफलमध्ये जागा सहसा भरपूर असते. कस्टम बॅरल असेल आणि गनस्मिथने टाइट नेकचं रीमर वापरलं असेल तर भरलेल्या राउंडचा (काडतुसाचा) नेक चेंबरच्या नेकपेक्षा निदान दोन-तीन थाऊ लहान असलाच पाहिजे, नाहीतर बुलेट सुटायला जागाच राहत नाही आणि प्रेशर धोकादायक होतं. सोपी तपासणी म्हणजे फायर झालेल्या, अजून साइझ न केलेल्या पुंगळीत बुलेट बोटाने सोडून बघायची. आरामात आत गेली पाहिजे. अडली तर भरणं बंद आणि आधी कारण शोधा.

साइझिंग

साधी फुल लेंथ डाय (अख्खी पुंगळी दाबणारी) आत एक्स्पांडर बॉलसकट येते. ती नेकला आधी गरजेपेक्षा जास्त दाबते आणि मग बॉल खेचून बाहेर येताना परत मोठा करते. आतून लूब (वंगण) नसेल तर बॉल बाहेर येताना करकरतो आणि शोल्डरसुद्धा (नेकखालचा उतार) ओढून पुढे आणतो. तरी सुरुवातीला हीच डाय वापरा, नेकच्या आत थोडं लूब लावा, खूप चांगली काडतुसं बनतात हिच्यावर.

पुढचा रस्ता बुशिंग डाय, रेडिंगची टाइप एस वगैरे. भरलेल्या नेकच्या मापातून हवा तो फरक वजा करायचा आणि अजून एक थाऊ कमी करायचा, कारण बुशिंगमधून बाहेर आल्यावर पितळ थोडं परत उघडतं. म्हणजे .२९३ ला दोन थाऊ हवं तर .२९० चं बुशिंग घ्या, आणि सोबत .२८९ आणि .२९१ पण घेऊन ठेवा, कारण स्प्रिंगबॅक तुमच्या ब्रासच्या कडकपणावर आहे, पुस्तकातून कळत नाही. फायर झालेला नेक बुशिंगपेक्षा पाच थाऊपेक्षा जास्त मोठा असेल तर एका झटक्यात खाली आणू नका, दोन बुशिंगमध्ये आणा. बुशिंगची अडचण अशी की ते बाहेरून दाबतं, त्यामुळे भिंतीच्या जाडीतला फरक सगळा आत, बुलेटच्या बाजूला जातो.

म्हणून मला सगळ्यात आवडणारी पद्धत आहे बुशिंग अधिक मॅन्ड्रल. बुशिंग एक थाऊ लहान घ्या, .२८९, आणि मग वेगळ्या स्टेपमध्ये .२६२ चा मॅन्ड्रल आतून घाला. मॅन्ड्रल काढल्यावर नेक साधारण अर्धा थाऊ परत मिटतो, म्हणजे आतलं माप .२६१५ च्या आसपास, बुलेटशी फरक अडीच थाऊ. कमी हवं असेल तर .२६३ चा मॅन्ड्रल. यात उरलासुरला फरक बाहेरच्या बाजूला जातो, तिथे त्याने काही बिघडत नाही, आणि शेवटचं माप कडक, पॉलिश केलेल्या पिनवर ठरतं. मॅन्ड्रल सावकाश आत, क्षणभर थांबा, सावकाश बाहेर, दर वेळी तोच वेग.

या सगळ्यात शोल्डर विसरू नका. कॅलिपरला कम्पॅरेटर (तळापासून शोल्डरपर्यंत मोजायचं जोड) लावून फायर झालेल्या पुंगळीचं माप घ्या आणि डाय अशी लावा की बोल्ट गनला शोल्डर दोन थाऊच मागे जाईल, सेमी-ऑटोला तीन ते पाच. जास्त मागे ढकललं की दर फायरिंगला पितळ तळाजवळ ताणलं जातं. लूब न लावता पुंगळी डायमध्ये घातली तर अडकतेच, इम्पीरियल वॅक्स बोटाला लागेल इतकंच पुरतं, शोल्डरवर जास्त झालं तर तिथे खळगा पडतो.

अनीलिंग

दर वेळी फायर आणि साइझ होताना नेकचं पितळ कडक होत जातं, आणि कडक पितळ जास्त स्प्रिंगबॅक देतं. तेच बुशिंग, तोच मॅन्ड्रल, पण चौथ्या-पाचव्या वेळी बुलेट बसवताना हँडलला वेगळंच लागतं, काही पुंगळ्यांत बुलेट लोण्यासारखी जाते आणि काहींत अडखळत जाते. ही अनीलिंगची वेळ. इंडक्शन मशीन असेल तर उत्तम, प्रोपेनच्या ज्वाळेवर फिरवणारी मशीनं पण चांगलं काम करतात. ज्वाळेवाल्यांनी नेकच्या आत ७५० डिग्री फॅरनहाइटचा टेम्पिलॅक (त्या तापमानाला वितळणारा रंग) लावून वेळ ठरवावी आणि खोली अंधारी ठेवावी. नेक लालबुंद झाला म्हणजे गरजेपेक्षा जास्त मऊ झाला, ती पुंगळी बुलेट धरणार नाही.

नेक आणि शोल्डर, बस्स. तळाला उष्णता कधीच जाता कामा नये. तळ कडक असतो म्हणूनच तो ५०-६० हजार पीएसआयचं प्रेशर सहन करतो, तो मऊ झाला तर पुंगळी फुटून गरम गॅस तुमच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. ओव्हनमध्ये अख्खी पुंगळी ठेवून अनील करायचा सल्ला कुठे दिसला तर तो वाचून सोडून द्या. दर वेळी करा किंवा दर तीन वेळांनी करा, पण अख्खा लॉट एकदमच करा, अर्धा केला अर्धा राहिला असं नको.

नेकच्या आतली स्वच्छता

स्टील पिन घालून ओलं टम्बलिंग (फिरत्या डब्यात घोळवून साफ करणं) केलं की ब्रास दागिन्यासारखं चमकतं, बघायला छान वाटतं, पण नेकच्या आतला कार्बनचा पातळ थर पण जातो आणि उघडं पितळ बुलेटच्या तांब्याला घट्ट धरतं, काही महिने भरून ठेवलं तर जास्तच. मी कॉर्न कॉबमध्ये कोरडं टम्बलिंग सुचवेन आणि नायलॉन ब्रश एक-दोनदा फिरवायचा, थोडा कार्बन राहिला तर चांगलंच. पिनवालेच राहायचं असेल तर नेकच्या आत ग्रॅफाइटचं कोरडं लूब लावा. महत्त्वाचं हे की शंभरच्या शंभर पुंगळ्यांचं आत सारखं असावं.

नेक टर्निंग (नेक बाहेरून कातून जाडी सारखी करणं)? चांगलं ब्रास आणि फॅक्टरी चेंबर असेल तर नको. टाइट नेक असेल किंवा बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून करायची नेमबाजी) करायचं असेल तर तो वेगळा विषय आहे.

मग किती ठेवायचं

बोल्ट अ‍ॅक्शन, मॅगझिनमधून फीड, मॅच शूटिंग, तर दोन ते अडीच थाऊ. एक थाऊ फक्त त्यांच्यासाठी जे एकेक राउंड हाताने घालतात. सेमी-ऑटोला तीन, कारण बोल्ट राउंडला जोरात आपटत नेतो. लिव्हर अ‍ॅक्शनच्या ट्यूब मॅगझिनमध्ये बुलेट एकामागे एक दाबल्या जातात, तिथे कॅनेल्युअर (भोवतालची खाच) असलेली बुलेट आणि क्रिम्प पण लागतो.

फार कमी टेन्शनचे दोन धोके आहेत. बुलेट मागे ढकलली गेली तर आतली जागा कमी होऊन प्रेशर वाढतं. आणि बुलेट लँड्सला (बॅरलच्या पीळदार खाचांमधल्या उंच कडांना) टेकवून भरत असाल तर न मारता राउंड बाहेर काढताना बुलेट बॅरलमध्येच अडकते आणि पावडर अ‍ॅक्शनमध्ये सांडते, मॅचमध्ये सीझ फायर झाल्यावर नेमकं हेच होतं. तपासायचं असेल तर डमी राउंडचं तळापासून ओजाइव्हपर्यंतचं (बुलेटच्या नाकाच्या बाकापर्यंतचं) माप घ्या, मॅगझिनमधून जोरात चेंबर करा, काढा, परत मोजा. असं तीन-चार डमींवर करा. माप हललं तर टेन्शन वाढवा.

दोन आणि तीन थाऊची तुलना करायची असेल तर बाकी काहीही न बदलता प्रत्येकाचे वीस तरी राउंड क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मारा. पाच राउंडवर एसडी (वेगाचं स्टँडर्ड डेव्हिएशन) ४ आला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, पुढच्या पाचात तो १२ येतो. १००० यार्डांवर १४० ग्रेनच्या बुलेटला १० एफपीएसचा (फूट प्रति सेकंद) फरक म्हणजे साधारण अडीच-तीन इंच वर-खाली, त्यामुळे हा फरक १०० यार्डांच्या कागदावर शोधू नका, दिसणारच नाही, ६०० च्या पुढे जा. बुलेट बसवताना हँडलचा जोर वेगळा लागलेले राउंड तेव्हाच बाजूला ठेवायची सवय लावा, आर्बर प्रेसला (बुलेट बसवायचं हाताने दाबायचं यंत्र) फोर्स गेज असेल तर ते आकड्यातच दिसतं. ते राउंड वेगळे मारून बघा, वेग कुठे जातो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

पुंगळी कधी टाकायची

नेकला चीर गेली तर लगेच. प्रायमर बोटाच्या जोराने बसायला लागला तर पॉकेट गेलं, ती पण टाकायची. तळापासून थोडं वर चकचकीत रेघ गोल फिरलेली दिसली तर पेपर क्लिप सरळ करून तिचं टोक थोडं वाकवा आणि पुंगळीच्या आतून तळाकडून वर भिंतीवर ओढत आणा, खाच लागली तर आतून पितळ फाटायला आलंय, पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वेळी तळ सुटणार. लॉटमध्ये अशा दोन-तीन निघाल्या तर बाकीच्या पण एकेक करून तपासा, सगळ्या तेवढ्याच वेळा मारलेल्या आहेत. टाकायच्या पुंगळीचं तोंड पकडीने दाबून चपटं करा आणि भंगारच्या डब्यात टाका, म्हणजे ती चुकून परत चांगल्या ढिगात येत नाही.